जाडी कुठे गेली?

मनगटी घड्याळांच्या जगात गेली काही वर्षं मिलिमीटरच्या शतांशांवरून चुरस चालू आहे. २०१८ मध्ये पियाजेने काचेपासून पाठीपर्यंत अवघं २ मिमी जाडीचं ‘अल्टिप्लानो अल्टिमेट कॉन्सेप्ट’ दाखवलं. २०२२ मध्ये बुल्गारी १.८० वर पोचली आणि काही महिन्यांतच रिशार मिलने फेरारीच्या नावाने १.७५ गाठलं. २०२४ मध्ये बुल्गारी १.७० वर आली, तर त्याच वर्षी कॉन्स्टँटिन चायकिन या रशियन कारागिराने १.६५ मिमीचा नमुना मांडला. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर १.५२ मिमी भरतात. त्याहून जेमतेम जाड वस्तूत कमान, दंतचक्रं, बॅलन्स आणि काटे बसवणं हा पराक्रमच आहे, त्यात वाद नाही. पण घड्याळातली जाडी कधी नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे सरकते. ती किती उरली हे पाहून टाळ्या वाजवण्याऐवजी ती कुठे सरकवली हे पाहावं आणि त्यावरून घडवणाऱ्याची पारख करावी, असं मला वाटतं.

शतांश मिलिमीटर हे माप ऐकून पालेगाव-अंबरनाथकडच्या एमआयडीसीतला टर्नर बिचकणार नाही. मायक्रोमीटरवर तो ते रोज वाचतो. १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ज्या अंबरनाथमध्ये उभी राहिली, तिथे हे माप नवलाईचं नाही. पातळ घड्याळाची खरी अडचण मापात नसून ताकदीत आहे. चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी कमान म्हणजे पोलादी पट्टी. तिची उंची निम्मी केली की तिच्याकडून मिळणारा जोरही निम्मा होतो. पत्र्याच्या ताठपणाचा हिशेब तर आणखी कठोर आहे: जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे दंतचक्रं फिरवायला जोर कमी आणि ती ज्या पाटावर उभी आहेत तो पाट लवचिक. पट्टा जरा आवळला, पाट किंचित वाकला, की चक्रं अडकलीच. म्हणूनच बुल्गारीने मुख्य पाटासाठी टंगस्टन कार्बाइड घेतलं आणि पियाजेने कोबाल्टचा मिश्रधातू.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. टायटनने २००२ मध्ये ‘एज’ आणलं ते ३.५ मिमी जाडीचं; आतलं मशीन १.१५ मिमीचं. ते पाण्याला दाद देत नव्हतं आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातही होतं. उल्हासनगरच्या बाजारात तर काही शे रुपयांत चपटं सेलचं घड्याळ मिळतं आणि वेळही बिनचूक दाखवतं. मग कमानीच्या घड्याळाने हा अट्टहास का करावा? कारण क्वार्ट्झमध्ये पातळपणाची किंमत बरीचशी सेल आणि सर्किट भरतात. ‘एज’ हे भारतीय अभियांत्रिकीचं अभिमानास्पद काम आहेच, पण त्यातली झुंज वेगळी आहे. कमानीच्या घड्याळात वाचवलेला प्रत्येक दशांश मिलिमीटर जोरातून, ताठपणातून किंवा आयुष्यातून वजा होतो. ही वजाबाकी कशी भरून काढली, यातच त्या घड्याळाची गोडी आहे.

या वजाबाकीचं सर्वांत शहाणं उत्तर महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. फाव्र-ल्युबा ही स्विस पेढी एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या बाजारात आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचं ‘सी किंग’ नोकरदार मराठी मनगटांवर सर्रास दिसू लागलं. १९६२ मध्ये या पेढीने २५१ क्रमांकाचं चावीचं मशीन काढलं. त्याची जाडी २.९५ मिमी. एका उंच कमानीऐवजी दोन बुटक्या कमानी दोन डब्यांत शेजारी शेजारी ठेवायच्या, हा त्यातला विचार. उंची कमी झाल्याने गेलेला जोर दुसऱ्या डब्याने परत आणला, आणि तो अधिक एकसारखा मिळू लागला. इथे जाडी सरकली ती आडवी, मशीनच्या पसाऱ्यात, जिथे मनगटावर जागा होतीच. आकड्यांच्या शर्यतीत २.९५ ला कोणी विचारणार नाही. पियाजेचं ९पी १९५७ मध्येच २ मिमीचं होतं, व्हाशरॉन कॉन्स्टँटिनचं १००३ त्याआधी १९५५ मध्ये १.६४ मिमीचं. पण ती धनिकांसाठीची घड्याळं. फाव्र-ल्युबाचं मशीन पगारदाराच्या हातावर चाललं, आणि घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून ते उघडलं, धुतलं, तेल दिलं आणि पुन्हा चालू केलं. पातळपणाच्या इतिहासात ही गोष्ट दुय्यम मानली जाते. मला ती मुख्य वाटते.

पातळपणाने दुरुस्तीवर घाला घातल्याचं उदाहरण जुनंच आहे. १९७६ चं जाँ लासालचं १२०० क्रमांकाचं मशीन १.२ मिमीचं होतं. त्यातली चक्रं दोन्ही बाजूंनी पेलण्याऐवजी एकाच बाजूने, इवल्या बॉल बेअरिंगवर पेलली होती. कल्पना चकित करणारी, पण उघडणाऱ्याची पंचाईत. म्हणजे इथे जाडी सरकली ती थेट दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यावर. आजच्या विक्रमी घड्याळांनी तीच वाट रुंद केली. पियाजे आणि बुल्गारीच्या घड्याळांत पाठीचं झाकण हाच मशीनचा मुख्य पाट आहे. वेगळं मशीन असं उरतच नाही, त्यामुळे ते बाहेर काढून टेबलावर ठेवायचा प्रश्नच मिटला. रिशार मिलने मात्र मशीन आणि केस वेगळे ठेवण्याचा हट्ट धरला आणि १.१८ मिमीचं स्वतंत्र मशीन घडवलं, याचं श्रेय द्यायला हवं. त्याची किंमत घड्याळाने आडवं पसरून चुकवली: ५१ बाय ३९ मिमी. विकत घेणाऱ्याने चुकवायची किंमत दहा लाख डॉलरांच्या बरीच वर, ती गोष्ट निराळी. चायकिनने तर घड्याळाला आपोआप चावी मिळावी म्हणून बाहेरून चढवायचं वेगळं कवच बनवलं. पालखीच म्हणायची. ते चढवलं की वाचवलेली जाडी परत आलीच.

यावर असं म्हटलं जाईल की हे प्रयोग आहेत, आणि प्रयोगांतूनच उद्याची साधी घड्याळं निघतात. दाखलाही भक्कम आहे. १९७९ च्या ‘डेलिरियम’ या क्वार्ट्झ घड्याळात पाठीचं झाकण हाच पाट करण्याची युक्ती स्विसांनी वापरली, २ मिमीच्या आत शिरले, आणि चारच वर्षांत त्याच युक्तीवर प्लास्टिकचं स्वॉच उभं राहिलं. एका डगमगत्या उद्योगाला त्याने सावरलं. हे मान्यच. पण स्वॉच उघडून दुरुस्त करायचं घड्याळ नव्हतं. बिघडलं की नवं घ्यायचं. क्वार्ट्झला ते शोभतं. कमानीच्या घड्याळाला शोभत नाही, कारण सेलच्या घड्याळापुढे त्याची बाजू लंगडी पडते ती अचूकतेत, आणि भक्कम ठरते ती एकाच गोष्टीत: पन्नास वर्षांनीही एखादा जाणता माणूस ते खोलून चालू करू शकतो. मनगटावरचा दागिना म्हणून ते पुरेसं आहे, दुरुस्तीचं काय घेऊन बसलात, असंही कुणी म्हणेल. मग त्यात चालणारं मशीन घालण्याचे कष्ट तरी कशाला? सोन्याची चपटी तबकडी पुरे होती.

या कलेचं आजचं खरं बळ त्याच कंपन्यांच्या कमी गाजलेल्या कामात आहे. पियाजेने १९६० मध्ये १२पी हे २.३ मिमीचं ऑटोमॅटिक मशीन केलं. चावी देणारं वजनी चाक मशीनच्या पाठीवर न ठेवता, लहान करून, पाटाच्याच पातळीत बसवलं. बुल्गारीने तीच जुनी युक्ती २०१७ मध्ये ‘ऑक्टो फिनिसिमो ऑटोमॅटिक’ मध्ये नव्याने वापरली: मशीन २.२३ मिमी, घड्याळ ५.१५ मिमी, आणि एकदा भरल्यावर ६० तास चाल. पाठ वेगळी, मशीन वेगळं, आणि माणसं ते रोज वापरतात. १.८० मिमीच्या विक्रमी घड्याळाचे सुरुवातीला दहाच नग निघाले आणि मथळे मात्र सगळे त्यांनाच मिळाले. अभियंत्याची कसोटी ५.१५ मिमीत अधिक लागली, असं माझं मत आहे.