खोका बदलायचा की घर वाढवायचं? मॉड्युलर बांधकाम आणि जुन्या वसाहती

आजचा विषय मॉड्युलर बांधकाम. म्हणजे काय, तर इमारतीचे भाग कारखान्यात तयार करायचे, ट्रकवर घालून आणायचे आणि क्रेनने जागेवर बसवायचे. कधी हा भाग म्हणजे नळ, दिवे, खिडक्यांसकट अख्खी खोली असते. कधी नुसते स्लॅब आणि खांब. या पद्धतीबद्दल बोलताना तीन शब्द हमखास येतात: झटपट, स्वस्त, दर्जेदार. शहरातली जुनी घरं नवी करायची असतील, तर आम्हाला या तिन्हींच्या आधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. काम चालू असताना त्या घरातला माणूस कुठे असतो? आणि काम झाल्यावर तो तिथेच असतो का?

या प्रश्नाच्या आधारे आपण तीन ठिकाणची कामं बघू: टोकियो, ब्रुकलिन आणि फ्रान्समधलं बोर्दो. शेवटी थोडं मुंबईबद्दल.

टोकियोपासून सुरुवात करू. किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने १९७२ मध्ये तिथे नाकागिन कॅप्सूल टॉवर उभा केला. काँक्रीटचे दोन मनोरे, आणि त्यांना बोल्टने अडकवलेल्या १४० धातूच्या खोल्या. प्रत्येक खोली सुमारे १०० चौरस फुटांची: एक गोल खिडकी, पलंग, विमानातल्यासारखी छोटी न्हाणी. कारखान्यात बनवलेल्या या खोल्या जागेवर चढवायला जेमतेम महिना लागला. कुरोकावांची कल्पना अशी, की मनोरा टिकेल, खोल्या मात्र पंचवीसेक वर्षांनी जुन्या होतील. मग जुनी काढायची, नवी लावायची. झाडाने पानं बदलावीत तसं शहर स्वतःला नवं करत राहील.

आता बघा काय झालं ते. पन्नास वर्षांत एकही खोली बदलली गेली नाही. २०२२ मध्ये अख्खी इमारत उतरवली. काही खोल्या दुरुस्त करून जपल्या, त्यातल्या काही संग्रहालयांत गेल्या. म्हणजे जी वस्तू बदलण्यासाठी बनवली होती, ती शेवटी काचेआड ठेवण्याची पाळी आली.

याचं कारण बहुतेक वेळा तांत्रिक सांगितलं जातं. गळती होती, ॲस्बेस्टॉस होतं, खोल्या इतक्या दाटीने बसवल्या होत्या की मधलीच एक काढणं अवघड. हे सगळं खरं. पण आमच्या मते मूळ अडचण मालकीची होती. खोल्या वेगवेगळ्या मालकांच्या, मनोरा सगळ्यांचा, आणि खालची जमीन टोकियोच्या ऐन मध्यावरची. खर्च कोणी करायचा, कधी करायचा, यावर एकमत कसं व्हायचं? बोल्ट सोडवायला पाना पुरतो, मालकांना एकत्र आणायला वेगळी व्यवस्था लागते. कुरोकावांच्या आराखड्यात ती नव्हती. २००७ मध्ये मालकांनी पाडण्याच्या बाजूने मत दिलं. आपल्याकडच्या ज्यांनी हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभा पाहिल्या आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको!

ब्रुकलिनचं थोडक्यात सांगतो. तिथे डीन स्ट्रीटवर ३२ मजली इमारत उभी राहिली: ९३० मॉड्यूल, ३६३ घरं, त्यातली निम्मी परवडणाऱ्या भाड्याची. काम २०१२ च्या अखेरीस सुरू झालं. मध्ये विकासक आणि कंत्राटदार यांच्यात वाद झाला, काम थांबलं, प्रकरण कोर्टात गेलं. इमारत खुली झाली २०१६ मध्ये. कारखान्यात वाचवलेला वेळ भांडणात गेला. तेव्हा 'झटपट' हा गुण खोक्यात नसतो. तो करारांत आणि माणसांच्या संबंधांत असतो.

आता बोर्दो. इथे आम्ही जरा थांबणार आहोत. या शहरातल्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या तीन इमारती आहेत. दहा ते पंधरा मजले, ५३० भाड्याची घरं, मालकी सार्वजनिक गृहसंस्थेची. छोट्या खिडक्या, कोंदट खोल्या. फ्रान्समध्ये २००३ नंतर अशा वसाहती पाडून नव्या बांधण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता. त्याला ॲन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि फ्रेदेरिक द्रुओ यांनी २००४ मध्येच लेखी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: पाडू नका, आहे त्यात भर घाला. पॅरिसच्या एका जुन्या टॉवरवर त्यांनी २०११ मध्ये ते करून दाखवलं. मग क्रिस्तोफ युतँ यांना सोबत घेऊन ते बोर्दोला आले.

केलं काय? इमारतीच्या बाहेर, तिला लागून, कारखान्यात तयार केलेले स्लॅब आणि खांब एकावर एक रचले. प्रत्येक घराला ३.८ मीटर, म्हणजे सुमारे साडेबारा फूट खोल नवी जागा मिळाली: काचेने बंद करता येणारी बाग-खोली आणि बाहेर बाल्कनी. जुन्या भिंतीतल्या खिडक्या काढून तिथे सरकती काचेची दारं आली. स्लॅब ठेवायला अर्धा दिवस, दर्शनी भिंत बदलायला दोन दिवस. न्हाणी आणि आतली कामं धरून एका घराचं सगळं १२ ते १६ दिवसांत. आणि या काळात कुटुंबं आपापल्या घरातच राहत होती. भाडंही वाढलं नाही. २०१९ मध्ये या कामाला युरोपियन युनियनचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला.

इथे मॉड्यूलचा खरा उपयोग दिसतो. वेग महत्त्वाचा ठरला, कारण त्यामुळे कोणाला बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. कारखान्याचा फायदा राहणाऱ्याच्या पदरात पडला.

मात्र हे कौतुक डोळे झाकून करू नये. बोर्दोला मालक एकच होता, आणि तो सार्वजनिक होता. जुना काँक्रीट सांगाडा धड होता. इमारतींभोवती मोकळी जमीन होती, म्हणून बाहेर साडेबारा फूट सरकता आलं. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी हिशेब बदलला असता. पुरस्काराच्या फोटोंमध्ये काच आणि पडदे दिसतात, या अटी दिसत नाहीत.

म्हणूनच मुंबईत हे जसंच्या तसं आणा, असं आम्ही म्हणणार नाही. बीडीडी चाळींचं बघा. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारती, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. त्या खोलीला बाल्कनी जोडून प्रश्न सुटला नसता. तिथल्या लोकांना ५०० चौरस फुटांचं स्वतंत्र घर हवं होतं आणि ते हवंसं वाटणं अगदी रास्त आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.

पण मुंबईत सगळ्याच इमारती अशा नाहीत. ज्यांचा सांगाडा शाबूत आहे आणि बाजूला जागा आहे, अशा वसाहतींतसुद्धा पुनर्विकास म्हटला की पाडकामाशिवाय दुसरं काही आपल्या डोक्यात येत नाही. सांगाडा तपासायच्या आधीच आपण चटईक्षेत्राचा हिशेब मांडतो. मग संक्रमण शिबिर किंवा दुसरीकडे भाड्याचं घर, मुलांच्या शाळा बदलणं, आणि परत येण्याची वाट बघणं. म्हातारी माणसं कधीकधी परत येतच नाहीत.

तेव्हा उद्या तुमच्या सोसायटीत कोणी मॉड्युलर बांधकामाचं सादरीकरण घेऊन आलं, तर किती दिवसांत होईल हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा: हे पाडण्याची गरज आहे, असं कोणी तपासून सांगितलंय? पुढच्या दुरुस्तीचा निर्णय कोण घेणार? आणि काम चालू असताना आम्ही कुठे असणार? नाकागिनकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बोर्दोने तिन्हींची दिली, म्हणून आम्हाला ते काम मोठं वाटतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.