मजल : मुक्कामातून वाटेला लागलेला शब्द

लांबच्या, खडतर प्रवासाचे वर्णन करताना ‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग आपल्या लेखणीतून सहज उतरतो. त्यातल्या ‘मजल’चा अर्थ विचारला, की हिंदीच्या सवयीने ‘मंजिल, म्हणजे गाठायचे ठिकाण’ असे उत्तर येते. मूळ एकच असले तरी हे उत्तर मराठीला लागू पडत नाही.

अरबीत ‘न-ज़-ल’ या धातूचा अर्थ उतरणे. ‘मंज़िल’ म्हणजे उतरण्याची जागा; ओझे खाली ठेवून रात्र काढायचे ठिकाण. फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत आला आणि त्याची दोन रूपे झाली. पुल्लिंगी ‘मजला’ घरात राहिला, स्त्रीलिंगी ‘मजल’ वाटेला लागली. महसुली दप्तरातली ‘नझूल’ जमीनही याच धातूची.

हिंदी-उर्दूत मंज़िल पुढे सरकत अंतिम ध्येय झाली. मराठीत उलट घडले. दोन मुक्कामांमधले अंतर, एका दिवसाची चाल, हीच मजल ठरली. ‘दर’चेही तसेच. फारसीत ते ‘मध्ये’ या अर्थाचे अव्यय. मराठी कानाला मात्र ‘दरसाल’, ‘दरमहा’ यांतला ‘प्रत्येक’ ऐकू येतो. म्हणून मजल दरमजल म्हणजे रोज उठून पुन्हा चालणे.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) या अर्थाने वाचून पाहावे. आपण ते बहुधा सत्तावन्नच्या बंडाचा साक्षीपुरावा म्हणून वाचतो. पण वरसईचा हा भिक्षुक काकांबरोबर निघाला तो बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंड पेटले, झाशीत जवळचे द्रव्य लुटले गेले. ज्यासाठी निघाले ते हाती लागले नाही. रोजची मजल मात्र सुटली नाही. ‘मंजिल’च्या मापाने हा प्रवास फसलेला, ‘मजल’च्या मापाने तो पुरा झालेला आहे. ग्रंथाचे मोठेपण मला या दुसऱ्या मापात दिसते.

‘त्याची मजल इथपर्यंत गेली!’ असे आपण रागानेही म्हणतो. म्हणजे माणसाची धिटाईसुद्धा मराठी माणूस चालून गेलेल्या अंतरानेच मोजतो. अलीकडे मराठी लेखनात ‘मंजिल गाठली’ सर्रास दिसते. त्याने भाषा बाटते असे नाही. पण पोहोचणे उरते आणि चालणे निसटते, एवढे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.