प्रथमपुरुषाचे लिंग

मराठीतील ‘मी’ या सर्वनामाला स्वतःचे लिंग नाही. बोलणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे ‘मी’ या अक्षरावरून कळत नाही. ते कळते त्यामागून येणाऱ्या क्रियापदावरून. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’. गंमत अशी की या ‘मी’ला आपल्या व्याकरणाने दिलेले नाव ‘प्रथमपुरुष’ असे आहे. मराठीत आत्मकथन करू पाहणाऱ्याला पहिले वाक्य पुरे होण्याच्या आत स्वतःविषयी एक निवाडा द्यावा लागतो. आपण असा काही निवाडा देत आहोत, याची बहुतेकांना जाणीवही नसते. ज्यांना ती पदोपदी असते, अशांचे लेखन एकविसाव्या शतकात मराठीत येऊ लागले, आणि त्याबरोबर एक जाहीर वादही आला. माणसाचे लिंग ठरते ते देहावरून की त्या देहात जगणाऱ्याच्या आत्मजाणिवेवरून? हा वाद सोडवणे समीक्षकाच्या आवाक्यातले नाही. परंतु या वादात साहित्यसमीक्षेने कोठे उभे राहावे, याचा विचार तिला टाळता येणार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत ‘लिंग’ हा एकच शब्द अनेक कामे करतो. तो अवयवाचे नाव आहे, देहाच्या जैविक प्रकाराचे नाव आहे, व्याकरणातील एका विकाराचे नाव आहे. शिवाय उपासनेचे प्रतीकही त्याच शब्दाने ओळखले जाते. स्त्री-अभ्यासाच्या प्रभावाने ‘लिंगभाव’ हा शब्द रुळला आणि देहाने दिलेले व समाजाने घडवलेले यांत भेद करण्याची सोय झाली. ही सोय विद्यापीठीय लेखनापुरतीच राहिली. सभेत, वृत्तपत्रात आणि घरात जेव्हा ‘लिंग’ म्हटले जाते, तेव्हा एक पक्ष देहाविषयी बोलत असतो आणि दुसरा जाणिवेविषयी. दोघेही एकाच शब्दावर हक्क सांगतात व दुसरा धडधडीत खोटे बोलतो आहे, असे समजतात.

मी भिलाईत राहतो. पोलाद कारखान्यामुळे वसलेल्या या नगरीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तीन भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि या प्रश्नाकडे पाहण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. मराठीत तीन लिंगे आहेत. हिंदीत दोनच, तरी ‘मैं जाता हूँ’ आणि ‘मैं जाती हूँ’ यांत निवड करावीच लागते. छत्तीसगढीत मात्र पुरुष असो वा स्त्री, ‘मैं जाथँव’ एवढेच म्हणते. तिचे क्रियापद बोलणाऱ्याच्या देहाची चौकशी करीत नाही. याच्या उलट कोल्हापूरकडच्या मुली सहजपणे ‘मी आलो’ म्हणतात आणि म्हणून त्यांना कोणी पुरुष समजत नाही. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंगी ‘तें’ योजले जाते, त्यातही कोणाला विपरीत वाटत नाही. व्याकरणाचे लिंग देहाच्या लिंगाशी बांधलेले असते, ही समजूत आपल्याच बोलींपुढे टिकत नाही.

यावरून छत्तीसगढी समाज या बाबतीत अधिक मोकळा असेल, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानीची ‘कापालिक’ शैली स्वीकारली. या शैलीत गायक उभा राहून, तंबूऱ्याचीच गदा करून भीमाचा आवेश साकार करतो. स्त्रियांनी बसून ‘वेदमती’ शैलीत गावे, असा रिवाज होता. ज्या भाषेचे क्रियापद स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, त्याच भाषेच्या समाजाने या गायिकेला गाण्यापायी जातीबाहेर काढले. पुढे २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, हा भाग वेगळा. भाषेतील मोकळीक ही समाजातील मोकळीक नव्हे. तसाच भाषेतील काच हा समाजातील काचाचे एकमेव कारणही नव्हे.

वादाचा दुसरा पदर कायद्याचा. छत्तीसगढ वेगळे होण्यापूर्वी आम्ही मध्यप्रदेशात होतो. त्या राज्यातील कटनी येथे, शतक सरत असताना, कमला जान ही हिजडा समाजातील व्यक्ती महापौरपदी निवडून आली. ती जागा महिलांसाठी राखीव होती. निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि २००३ साली उच्च न्यायालयात ही निवड टिकली नाही. न्यायालयाच्या दृष्टीने निवडून आलेली व्यक्ती स्त्री नव्हती. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत छत्तीसगढमधील रायगढ येथे मधू किन्नर अपक्ष म्हणून महापौर झाल्या. २०१९ साली संसदेने कायदा केला, परंतु त्यात ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची तरतूद आली आणि न्यायालयाने दिलेले संसदेने अर्धे परत घेतले, अशी तक्रार झाली. इतरत्रही हा पेच सुटलेला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तेथील समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगापुरता घ्यावा, असा निर्णय दिला.

कटनीचा निकाल आज वाचताना कठोर वाटतो. परंतु त्यामागचा प्रश्न पोकळ म्हणता येणार नाही. स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या त्या स्त्रीदेहाने जन्मलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले त्याच्या भरपाईसाठी. त्या जागेवर कोणाचा हक्क, असे विचारणारी प्रत्येक व्यक्ती क्रूर ठरत नाही. मराठीत देहाविषयी स्पष्ट बोलण्याची परंपरा तर सुधारकांचीच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जीवशास्त्राचे नाव काढणारा प्रतिगामी, असे समीकरण मांडणाऱ्यांनी कर्व्यांचे स्मरण ठेवावे. आणि जीवशास्त्राच्या नावाने दुसऱ्याची मानखंडना करणाऱ्यांनीही ते ठेवावे. कारण कर्व्यांनी शरीरशास्त्र वापरले ते वाचकाची लाज घालवण्यासाठी, त्याला लाजवण्यासाठी नव्हे.

शिवाय देहाची साक्षही वाटते तितकी एकसुरी नसते. पुनरुत्पादक पेशींचे प्रकार दोनच, बीजांड आणि शुक्राणू, हे खरे. परंतु एकेका माणसात गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य रचना यांचा मेळ बहुधा बसतो, नेहमीच बसतो असे नाही. बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाने २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वैद्यकीय तपासणीत ‘वाय’ गुणसूत्र आढळले होते. खात्याने, भरती महिला म्हणून झाली आहे, या कारणाने नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ साली शासनाने परवानगी दिली. येथे जीवशास्त्र अर्जदाराच्या बाजूने उभे होते आणि भरतीची नोंद त्याच्या विरुद्ध. मात्र या उदाहरणाने वाद मिटतो, असेही नाही. बहुसंख्य तृतीयपंथी व्यक्तींच्या देहात असा जैविक विसंवाद नसतो. त्यांचा दावा देहाच्या अहवालावर उभाच नसतो. तो उभा असतो ‘मी’ या शब्दावर, आणि म्हणूनच तो साहित्याच्या प्रांतात येतो.

या प्रांतात मराठीचा अनुभव जुना आहे. बालगंधर्वांची शालू नेसण्याची ढब प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली आणि महाराष्ट्राने त्या पुरुषाला देवत्व दिले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ (१९७८) मधला गुणा हा पहिलवानी देहाचा शेतमजूर तमाशाचा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो आणि त्याच्या पुरुषपणाचीच चेष्टा होते. दोघांनीही रंगमंचावर स्त्रीचा वेष घेतला होता, दोघांच्याही देहाविषयी शंका नव्हती. फरक होता तो रंगमंचाचा आणि प्रेक्षागृहात बसलेल्या वर्गाचा. देहाविषयीचा समाजाचा निवाडा केवळ देह पाहून होत नाही, हे यादवांची कादंबरी कोणताही सिद्धान्त न सांगता दाखवते.

राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मधील जोगत्याची स्थिती याहून बिकट आहे. येथे लुगडे भूमिकेपुरते नाही. देवीच्या नावाने ते जन्मभरासाठी अंगावर येते. त्याचा ‘मी’ काय म्हणतो हे कोणी विचारीत नाही. आज ज्यांना वाटते की आत्मजाणिवेचा आग्रह हे पाश्चात्त्यांचे वेड आहे, त्यांनी ही कादंबरी वाचावी. दुसऱ्याने लादलेले लिंग पेलताना माणूस कसा आतून मोडतो, ते तेथे दिसते. आणि ते लादणारी परंपरा पूर्णतः देशी आहे. तसेच ‘आपल्या संस्कृतीत तृतीयपंथीयांना मानाचे स्थान होते’ या समाधानालाही या कादंबरीने पुरेसे उत्तर दिले आहे.

मग २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ प्रसिद्ध झाले. या शीर्षकाची रचना पाहण्यासारखी आहे. दोन वाक्ये, दोन्हींत ‘मी’, आणि क्रियापद एकातही नाही. ‘हिजडा’ हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी, ‘लक्ष्मी’ स्त्रीलिंगी. त्यांच्यामध्ये निवाडा करणारे क्रियापद वगळल्यामुळे दोन्ही नामे एकमेकांना न खोडता शेजारी उभी राहतात. हा केवळ योगायोग असेल. तरी मराठी वाक्याला जे सहसा जमत नाही ते या शीर्षकाला जमले आहे. ग्रंथाच्या आत मात्र आणखी एक प्रश्न आहे. याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आहे. सांगणारी जीभ एक आणि लिहिणारी लेखणी दुसरी असते तेव्हा आत्मकथनातील ‘मी’ कितपत आत्म्याचा, हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे. तो लिंगाचा प्रश्न नसून निवेदनाचा आहे.

‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आपल्या समीक्षेपुढे असाच पेच होता. हे साहित्य की साक्ष? त्या चर्चेतून एक शहाणपण हाती आले: अनुभवाच्या खरेपणाविषयी लेखकाकडे दाखला मागू नये आणि अनुभव खरा आहे म्हणून कलाविचारातून सूटही देऊ नये. तृतीयपंथी लेखकांच्या बाबतीत हीच भूमिका योग्य ठरेल. दिशा पिंकी शेख यांची कविता कवितेच्या कसोटीवर तपासावी. कवीच्या देहाची तपासणी हा त्या कसोटीचा भाग नाही.

येथे माझी एक चूक नोंदवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका आत्मकथनावर मी परीक्षण लिहिले. ‘म्हणाले’ लिहावे की ‘म्हणाल्या’, हे ठरवता येईना. तेव्हा मी सर्व लेख वर्तमानकाळात लिहिला. कारण आदरार्थी ‘म्हणतात’ या रूपात लिंग दिसत नाही. ‘निवेदक’ हा सामान्यलिंगी समजला जाणारा शब्द जागोजागी घातला. त्या वेळी मला हे सौजन्य वाटले. आज वाटते, तो भित्रेपणा होता. ज्या ग्रंथाचा सारा संघर्ष एका क्रियापदासाठी होता, त्याचे परीक्षण मी ते क्रियापद चुकवून लिहिले. याच लेखात वर मी ‘भिलाईत राहतो’ असे लिहिले आणि एकाही वाचकाने माझ्याकडे पुरावा मागितला नसेल. तो विश्वास मला न मागता मिळाला. त्या ग्रंथाच्या लेखिकेला तो देण्यास माझी लेखणी अडली.

कटनीची जागा कोणाची, हे आत्मकथन वाचून ठरणार नाही. ते कायद्याने, दोन्ही बाजूंचे ऐकून, कारणे देऊन ठरवावे. त्याचप्रमाणे एखाद्या आत्मकथनातील ‘मी’ने कोणते क्रियापद घ्यावे, हे न्यायालयाच्या निकालावरून वा गुणसूत्रांच्या अहवालावरून ठरणार नाही. हे दोन प्रश्न एकत्र झाले की वादाचे भांडण होते. समीक्षकाने लेखकाचे क्रियापद जसेच्या तसे उद्धृत करावे, तेच आपल्या वाक्यात चालवावे, आणि मग निर्भयपणे विचारावे की या ‘मी’ने आपल्याला काय दाखवले. लक्ष्मी यांच्याविषयी लिहिताना यापुढे मी ‘म्हणाल्या’ असे लिहीन. त्यानंतर ग्रंथाविषयीचे मतभेद मांडण्यास मी मोकळा आहे.