त्या मुलाकडे कुणाचं लक्ष होतं? ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे पहिले दोन भाग

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ पाहिला. पाहिला म्हणजे काय, सहा जण एका लॅपटॉपभोवती बसलेले, आणि ज्याच्या हातात माउस तो पुढचा खून येईपर्यंतचं सगळं पळवतोय. दीड तासाचा सिनेमा अर्ध्या तासात संपला. लगेच दुसरा भाग लावला, तोही तसाच उरकला. कोण मारतंय, का मारतंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. कितवा मेला आणि कसा मेला, एवढंच.

मागच्या पावसाळ्यात दोन रात्री काढून हे दोन्ही सिनेमे एकट्याने, हेडफोन लावून, काहीही न पळवता पाहिले. आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण या गोष्टीची सुरुवातच मुळी लक्ष न देण्यातून होते. १९५७ साली एका उन्हाळी शिबिरात जेसन नावाचा मुलगा तळ्यात बुडाला, कारण ज्यांनी त्याच्याकडे बघायचं ते तरुण काउन्सेलर आपल्याच नादात होते. पुढचे सगळे मुडदे या एका दुर्लक्षातून पडतात. आणि आम्ही सहा जण नेमकं तेवढंच सोडून बाकीचं बघत होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कल्पना पहिल्या भागाची मोठी आहे, पण सिनेमा म्हणून दुसरा भाग जास्त चांगला आहे. हे पटवून द्यायचं तर दोन्ही सिनेमांचे शेवट फोडावे लागतील. चाळीस वर्षांहून जुने आहेत, तेव्हा चालवून घ्या. तसंही पहिल्या भागाचं रहस्य तो थिएटरात असतानाच फुटलं होतं. शिकागोचे समीक्षक जीन सिस्केल इतके भडकले होते की, लोकांनी तिकीट काढू नये म्हणून त्यांनी खुनी कोण ते परीक्षणात मुद्दाम लिहून टाकलं.

आधी नाव, मग गोष्ट

१९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ने थोडक्या पैशांत प्रचंड धंदा केला. ते पाहून शॉन कनिंगहॅम या निर्माता-दिग्दर्शकाने १९७९ साली ‘व्हरायटी’ या पत्रात आपल्या येऊ घातलेल्या सिनेमाची जाहिरात दिली. त्यात मोठ्या अक्षरांत नाव होतं. त्या नावामागे सिनेमा म्हणावा असं तेव्हा फारसं काही नव्हतं. व्हिक्टर मिलर यांची पटकथा, न्यू जर्सीतल्या बॉय स्काउटच्या खऱ्याखुऱ्या शिबिराची जागा आणि सुमारे साडेपाच लाख डॉलर, एवढ्यावर सिनेमा उभा राहिला. ९ मे १९८० रोजी तो लागला आणि एकट्या अमेरिकेत त्याने चार कोटी डॉलरच्या जवळपास गल्ला जमवला.

मग काय, वर्ष भरायच्या आत दुसरा भाग थिएटरात. बजेट दुपटीहून थोडं जास्त, तरीही हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच. कमाई पहिल्याच्या निम्म्याहून किंचित अधिक. दिग्दर्शक स्टीव्ह मायनर, जो पहिल्या भागाच्या निर्मितीत होता. पहिल्या भागातले खून ज्याच्या हातच्या करामतीमुळे लक्षात राहतात तो टॉम साव्हिनी दुसऱ्या भागाला नव्हता. त्यात सेन्सॉरिंग करणाऱ्यांनीही कात्री चालवली. त्यामुळे निव्वळ रक्तपात मोजायचा तर पहिला भाग सहज जिंकतो. केव्हिन बेकनच्या गळ्यातून पलंगाखालून घुसून वर येणारा बाण आजही पोटात गोळा आणतो. दुसऱ्या भागात त्या तोडीचं काही नाही, आणि जे आहे त्यातला एक प्रसंग, पलंगावरच्या जोडप्याला एकाच भाल्याने भोसकण्याचा, मारिओ बाव्हाच्या १९७१ सालच्या इटालियन सिनेमात जवळपास तसाच सापडतो.

पहिला भाग: आईचे डोळे

पहिल्या भागात बराच वेळ आपण खुन्याच्याच डोळ्यांनी बघत असतो. ॲनी नावाची हसरी मुलगी शिबिरात स्वयंपाकाच्या कामासाठी निघालेली असते. वाटेत तिला एक जीप लिफ्ट देते. ती ड्रायव्हरशी मनमोकळ्या गप्पा मारते, लहान मुलं किती आवडतात ते सांगते. आपल्याला वाटतं, हीच हिरॉइन. थोड्याच वेळात जंगलात तिचा गळा चिरला जातो.

खरी गंमत शेवट कळल्यावर लक्षात येते. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांत का बसवला, याला इथे कारण आहे. ॲनी त्या माणसाला घाबरत नाही, कारण समोर स्वेटर घातलेली एक मध्यमवयीन बाई आहे. मिसेस व्हूरहीस. बुडालेल्या मुलाची आई. चेहरा दाखवला असता तर सिनेमा तिथेच संपला असता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रहस्यकथेत खुनी आधी कुठेतरी आपल्यासमोरून गेलेला असावा लागतो. ही बाई शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत पहिल्यांदा दिसते. आपण तर्क लढवायचा तरी कुणावर? हा सरळसरळ डाव मोडण्याचा प्रकार आहे. पण बेट्सी पामर पडद्यावर आली की मी हा आक्षेप विसरतो. या अभिनेत्रीने नंतर मोकळेपणाने सांगितलं की, नवी गाडी घ्यायची होती म्हणून तिने हे काम घेतलं. तरीही ती ज्या पद्धतीने आधी धीर देणारी मावशी वाटते आणि मग मुलाच्या आवाजात स्वतःलाच मारायचा हुकूम देते, ते पाहताना बजेट वगैरे डोक्यातून जातं.

हॅरी मॅनफ्रेडिनी यांच्या संगीतातला तो प्रसिद्ध कुजबुजता ‘की की की, मा मा मा’ आवाज याच हुकमातून आलेला आहे. ‘किल’मधला ‘कि’ आणि ‘मॉमी’मधला ‘मा’. म्हणजे सिनेमाभर आपण जो आवाज ऐकतो तो आईच्या डोक्यात मेलेला मुलगा बोलतोय. इतकी चांगली कल्पना एवढ्या स्वस्त सिनेमाला सुचली, याचं मला खरंच कौतुक आहे.

अडचण एवढीच की उरलेला सिनेमा त्या कल्पनेची वाट बघत बसलेला आहे. मधली पोरं मोनोपॉली खेळतात, पाऊस पडतो, एकेक जण बाहेर जातो आणि परत येत नाही. शेवटी वाचणारी ॲलिस चांगली आहे, पण तिच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही.

दुसऱ्या भागाने केलेली मोडतोड

दुसरा भाग ॲलिसपासूनच सुरू होतो आणि नावं पडद्यावर यायच्या आधी तिला मारून टाकतो. त्याआधी स्वप्नाच्या निमित्ताने पहिल्या भागाचे तुकडे दाखवून बराच वेळ काढला जातो. तेवढं रीळ फुकटात भरलं. मग फ्रिज उघडते, तर आत मिसेस व्हूरहीसचं मुंडकं.

पहिल्यांदा मला या प्रसंगाचा राग आला. जिने एवढं सोसून जीव वाचवला तिला असं मारायचं? आणि ॲलिस झालेल्या एड्रियन किंगने नंतर सांगितलेली गोष्ट माहीत असेल तर हा प्रसंग आणखीच टोचतो. पहिल्या सिनेमानंतर प्रत्यक्ष आयुष्यात एक माणूस तिच्या मागे लागला होता. पडद्यावर घरात एकटी, फोन वाजला की दचकणारी ती बाई बघताना हे विसरता येत नाही.

शिवाय तर्काचं काय? जेसन १९५७ साली बुडाला होता, म्हणूनच आईने सूड उगवला. आता कळतं की तो जिवंत होता आणि जंगलात एकटा वाढला. मग इतकी वर्षं आईकडे का गेला नाही? ॲलिसचा पत्ता त्याला कुणी दिला? सिनेमाकडे याचं उत्तर नाही. आमच्या कामात याला म्हणतात, जुना कोड कॉपी-पेस्ट केला आणि वरच्या अटी तपासल्याच नाहीत. खुन्याच्या डोळ्यांतला कॅमेराही असाच उचललेला आहे. आईच्या बाबतीत तो चेहरा लपवण्यासाठी होता. जेसनच्या बाबतीत लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, नुसती सवय आहे.

एवढे बग असूनही मी म्हणतो हा सिनेमा चांगला आहे, तर का?

एक कारण म्हणजे यातली पोरं माणसं वाटतात. पाच वर्षांनंतर त्याच तळ्याकाठी पॉल नावाचा तरुण काउन्सेलरांचं प्रशिक्षण केंद्र चालवतोय. शेकोटीभोवती तो जेसनची दंतकथा सांगतो, सगळे घाबरतात, मग हसतात. त्यांच्यात एक मार्क आहे. तो व्हीलचेअर वापरतो. सिनेमा त्याची कीव करत नाही. तो पंजा लढवतो आणि जिंकतो, एका मुलीला तो मनापासून आवडतो आणि ती पुढाकार घेते. १९८१ सालच्या एका स्वस्त भयपटात हे मला अपेक्षित नव्हतं. आणि मग त्याच्या तोंडावर कोयता बसतो, व्हीलचेअर पायऱ्यांवरून उलटी घरंगळत जाते. मी तो प्रसंग थांबवून विचार करत बसलो. इतका सन्मानाने उभा केलेला माणूस शेवटी त्याच्या खुर्चीसकट एका धक्क्यासाठी वापरला का? माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण तो मेल्याचं वाईट वाटलं, हेही खरं. पहिल्या भागात कुणाच्याही मरणाने मला एवढा वेळ थांबवलं नव्हतं.

दुसरं आणि मोठं कारण म्हणजे जिनी.

बारमधला प्रसंग

एमी स्टीलने साकारलेली जिनी बालमानसशास्त्र शिकतेय. सिनेमाच्या मध्यावर ती, पॉल आणि टेड नावाचा मित्र गावातल्या बारमध्ये बसलेले असतात. जेसनचा विषय निघतो, दोघे चेष्टा करतात. जिनी मात्र गंभीरपणे विचार करू लागते. समजा असा मुलगा खरंच जगला असेल, तर तो आज कसा असेल? शाळा नाही, मित्र नाहीत. आई हेच त्याचं सगळं जग, आणि तिला मारताना त्याने बघितलं असेल. मोठ्या शरीरात अडकलेलं घाबरलेलं मूल असेल का तो? पॉल हसण्यावारी नेतो.

दोन्ही सिनेमे मिळून जेसनकडे ‘मुलगा’ म्हणून बघणारी आईनंतरची ही पहिली व्यक्ती. १९५७ साली त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. दंतकथा सांगणाऱ्यांनी त्याचा बागुलबुवा केला. जिनी बिअर पिता पिता पाच मिनिटं त्याच्याबद्दल विचार करते.

आणि शेवटी तोच विचार तिला वाचवतो. हा जेसन अजून हॉकीचा मुखवटा घालणारा अजिंक्य राक्षस झालेला नाही, तो मुखवटा तिसऱ्या भागात येतो. इथे डोक्यावर एका डोळ्यापुरतं भोक पाडलेलं फडकं आहे. हा धडपडतो, खुर्चीवर चढला तर खुर्ची मोडून पडतो. पळता पळता जिनी त्याच्या झोपडीत शिरते. आत मेणबत्त्यांच्या मधोमध आईचं मुंडकं आणि तिचा स्वेटर. दारावर घाव पडत असताना ती तो स्वेटर अंगात घालते, केस मागे सारते आणि आईच्या आवाजात जेसनशी बोलू लागते. तो थबकतो. मान कलती करून बघतो. क्षणभर समोर खुनी नसतो, रागावलेल्या आईपुढे उभा असलेला मुलगा असतो.

पहिल्या भागात आईच्या डोक्यात मुलगा बोलत होता. इथे मुलाच्या डोक्यातली आई बोलते आणि तो आवाज जिनीने नुसत्या विचाराने ओळखलेला आहे. या प्रकारच्या सिनेमांत शेवटी उरलेली मुलगी बहुधा हाताला लागेल त्या हत्याराने किंवा नशिबाने वाचते. जिनीही पुढे कोयता चालवतेच, पण तिथवर पोचायला तिला वेळ मिळतो तो समोरच्याला समजून घेतल्यामुळे. मात्र ही सहानुभूती निर्मळ नाही. ती त्याच्या दुःखाचा वापर करून त्याला फसवतेय. तो थबकलेला बघताना सुटकेबरोबर मला थोडी लाजही वाटली, आणि माझ्या मते ती वाटावी.

शेवट गडबडलेला आहे. जेसन पुन्हा खिडकी फोडून येतो, मग एकदम सकाळ, जिनी स्ट्रेचरवर, पॉल कुठे आहे असं विचारतेय. त्याचं काय झालं हे सिनेमा सांगत नाही. पुढच्या भागांत जेसन मोठा होत गेला, मुलगा मात्र हरवत गेला.

राहता राहिला टेड. तो बारमध्येच आणखी पीत बसला, म्हणून वाचला.

हे लिहिताना हॉस्टेलवरच्या एका मित्राला फोन केला. दुसऱ्या भागातला बारमधला सीन आठवतो का, विचारलं. तो म्हणाला, ‘‘बार होता का त्यात?’’ मलाही आठवत नव्हता. त्यात कुणी मरत नाही, त्यामुळे तो आम्ही पळवला असणार.