अम्मीची भाषा कागदावर आणताना

आमच्या नवोदित कथाकारांच्या कथा वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. कथेतली अम्मी घरात दखनी बोलणारी. कागदावर मात्र ती पाठ्यपुस्तकासारखी बोलते. ‘बाळा, तू भोजन केलेस का?’ असे सोलापूर-लातूरकडची कोणती अम्मी विचारते? आपली बोली अशुद्ध ठरेल, ही त्यामागची भीती. पण साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनीसुद्धा पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ ही रूपे मान्य केली आहेत. पात्राचा उच्चार म्हणजे लेखकाची चूक नव्हे.

दुसरे टोकही आम्ही पाहतो. कथा ‘मुस्लिम’ वाटावी म्हणून ओळीओळीत उर्दू शब्द पेरायचे आणि कंसात त्यांचे अर्थ द्यायचे. ‘दस्तरखान (जेवणासाठी अंथरायचे कापड)’ असे लिहिले की कथा थांबते आणि शब्दकोश सुरू होतो. त्याऐवजी ‘भाभीने दस्तरखान अंथरला, त्यावर रकाब्या मांडल्या’ एवढे पुरे. वाचकाला अर्थ कळतो, आणि आपले घर परके ठरत नाही.

मुळात मराठी आपल्याला परकी आहेच कुठे? लिहिण्याची सामग्रीच पाहा. कागद, शाई, दौत, मसुदा, मजकूर हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच झाले. उलट दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला. ही देवघेव समजून घ्यायची तर मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवावा. १८५७च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत अरबी, फारसी, हिंदुस्थानी शब्दांपुढे मुळाच्या खुणा आहेत. माधव जूलियनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोशही उपयोगी आहे. आणि हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) एकदा लेखक म्हणून वाचावी. त्यांच्या मतांशी वाद घालावा, पण कोकणातले मुस्लिम गाव कादंबरीत कसे उभे राहते तेही पाहावे.

आमचा सल्ला साधा आहे. एक वही घरातल्या बोलण्यासाठी ठेवा. नानी, खाला, शेजारची काकू जे बोलतात ते त्याच दिवशी, जसेच्या तसे टिपा. कथा झाली की संवाद मोठ्याने वाचा, जमल्यास अम्मीलाच ऐकवा. ती जिथे हसेल किंवा ‘ऐसा कौन बोलता?’ म्हणेल, तिथे खूण करा. निवेदन मात्र स्वच्छ मराठीत असू द्या. त्यासाठी शुद्धलेखनाची शिस्त हवीच, तिला पर्याय नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की मराठी आमचीही आहे. हा दावा व्यासपीठावरून सिद्ध होत नाही. कथेतली अम्मी आपल्याच आवाजात बोलू लागली, की तो आपोआप सिद्ध होईल.