आंबटशौकिनांचं बॅरल

या वर्षीच्या स्मरणिकेत गणेशोत्सवावर, एकांकिकेवर आणि मराठी शाळेवर लेख असणारच. बिअर चाखणी गटावरही एक असावा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा कार्यकारिणीतल्या एक-दोन ज्येष्ठांनी नाक मुरडलं म्हणे. दारूवर लेख, तोही मंडळाच्या स्मरणिकेत! त्यांची हरकत मला कळते. पण महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी अण्णांच्या गॅरेजमध्ये जे चालतं, त्यात माणशी जेमतेम ग्लासभर बिअर पोटात जाते आणि चर्चा मात्र चार तास रंगते. ज्यांना झिंगायचंय ते दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर आपोआप गळतात.

गट कसा जमला ते नव्याने सांगत नाही. हिमवादळात अडकलेली नाटकाची मंडळी, अण्णांचं गॅरेज आणि जुन्या फ्रीजमागे सापडलेली बिअरची धुळीने माखलेली बाटली, ही कथा दर पिकनिकला ऐकून पोराटोरांनाही पाठ झाली आहे. (बाटली नक्की कोणी उघडली, यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटूही नये.)

बॅरलमध्ये आंबट बिअर मुरवण्याची ही कला मूळची बेल्जियमची. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेला पायोटनलँड नावाचा जो शेतीचा मुलूख आहे, तिथे लँबिक बनते. जवाचा माल्ट, त्याच्या जोडीला साधारण तिसरा हिस्सा मोड न आणलेला गहू, आणि मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने केलेले, कडवटपणा उतरलेले हॉप्स. उकळून झालेला हा रस उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवायचा. यीस्ट कोणी घालायचं नाही. हवेत आणि त्या जुन्या इमारतीत जे काही वस्तीला आहे ते आपणहून येतं. म्हणून हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच करायचा, कारण उन्हाळ्यात नको ती जनता रसात उतरते. पुढे ओकची बॅरलं आणि वाट पाहणं. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र मिसळून बाटलीत भरली की त्याची गूझ होते. कोवळ्या लँबिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. चेरी घातली तर क्रीक.

हे सगळं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडायच्या बेतात होतं. लोकांना गोड, थंड, लवकर तयार होणारी बिअर हवी होती आणि जुन्या ब्रुअऱ्या एकामागून एक कुलपं लावत होत्या. 1900 साली ब्रसेल्सच्या आंदेर्लेख्त भागात सुरू झालेल्या कांतियों ब्रुअरीने 1978 मध्ये स्वतःला चालतं-बोलतं संग्रहालय करून टाकलं: लोकांनी यावं, बॅरलांमधून फिरावं, कोळ्यांची जाळी पाहावीत. कोळी तिथे मुद्दाम राहू देतात, कारण ते माश्या-चिलटं मारतात. लेंबेकमध्ये फ्रांक बोन यांनी 1975 मध्ये हाच बुडता धंदा हाती घेतला. तेव्हा त्यांना कोणी शहाणं म्हटलं असेल असं वाटत नाही. आज बेल्जियमची बिअर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. 2016 मध्ये ती नोंद झाली. वारसा म्हणून नाव लागण्याआधीची चाळीस वर्षं चार हट्टी माणसांनी काढली, हे मला त्या नोंदीपेक्षा मोठं वाटतं.

आपल्या कोलोरॅडोत ही विद्या आली ती फोर्ट कॉलिन्समार्गे, आणि तीही दुसऱ्या शाखेची. पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावच्या रोडेनबाख ब्रुअरीत लालसर आंबट बिअर ओकच्या प्रचंड उभ्या पिंपांत मुरवतात. तिथून पीटर बूकार्ट 1996 मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत आले. वाइनची जुनी बॅरलं आणि पुढे तसलीच मोठी पिंपं जमवून त्यांनी ‘ला फोली’ ही आंबट बिअर उभी केली. चाखून चाखून कोणतं पिंप कशात मिसळायचं हे ठरवण्याचं काम लॉरेन सालाझार यांनी वर्षानुवर्षं केलं. 2010 मध्ये चॅड याकबसन यांनी क्रुकेड स्टेव्ह ब्रुअरी सुरू केली, ती एडिंबरातल्या एका विद्यापीठात ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टवर प्रबंध लिहून आल्यावर. तिकडे मेनमध्ये अलागॅश ब्रुअरीने 2007 मध्ये बेल्जियन पद्धतीचं उघडं पात्र बसवलं आणि मेनच्या हवेवर रस सोडला. म्हणजे परमुलखात कला जगवणारे आपण एकटे नाही. कला बेल्जियमची, जमीन अमेरिकेची, आणि शनिवारी रात्री ग्लास उजेडात धरून भांडणारे सांगली, ठाणे आणि अमरावतीचे! याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

आता अण्णांच्या गॅरेजमधल्या आपल्या बॅरलविषयी. पॅलिसेडच्या एका वायनरीतून आणलेलं 225 लिटरचं हे फ्रेंच ओक. कायद्याने घरी वर्षाला एका प्रौढ माणसामागे 100 गॅलन आणि दोघं किंवा जास्त प्रौढ असतील तर घरामागे 200 गॅलन बिअर बनवता येते, विकता मात्र येत नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या घरी रस शिजवायचा, आंबवायचा आणि कॅनमधून अण्णांकडे आणून ओतायचा. दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा काढतो आणि तितकाच नवा भरतो. लाकडात मुरलेले जिवाणू आणि यीस्ट नव्या रसाला विरजणासारखे लागतात, म्हणून आज काढलेल्या ग्लासात पहिल्या वर्षाचा थोडा अंश असतोच.

हे सारं सुरळीत चालतं असं वाटत असेल, तर त्याचं कारण अण्णा. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत बॅरल झपाट्याने आटतं. वरची पोकळी वाढली की आत हवा साचते, हवेवर अॅसिटिक जिवाणू माजतात आणि बिअरचं सरळ व्हिनेगर होतं. अण्णा दर महिन्याला, स्वतः आजारी असले तरी, ती पोकळी भरून काढतात. सुटीवर पुण्याला गेले तर शेजाऱ्याला किल्ली आणि दोन पानांची सूचनावली देऊन जातात. त्यांच्याइतका निष्ठावान माणूस मी कुठल्याही मंडळात पाहिलेला नाही. आणि वहिनी! सगळे ग्लास साबणाचा अंश न ठेवता धुणं, चाखणीचे तक्ते छापणं, जुन्या बाटल्यांची वही ठेवणं, वर सगळ्यांना पुरेल इतकी भाकरी आणि ठेचा. त्यांनी एक महिना हात काढून घेतला तर गट कोसळेल, हे मी जबाबदारीने लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीची कोजागरीनंतरची बैठक मात्र सविस्तर सांगायलाच हवी. त्या दिवशी नवं मिश्रण ठरवायचं होतं. अण्णांनी बॅरलच्या तोंडाकडच्या फळीतला स्टीलचा खिळा पक्कडीने ओढला. बारीक, सोनेरी धार थेट ग्लासात पडली. खिळा लगेच परत बसवला. नमुना काढायची ही युक्ती अमेरिकेतल्या ब्रुअऱ्यांची; वरचं झाकण उघडायचं नाही, पृष्ठभागावर जमलेली पांढरी साय मोडायची नाही. बॅरलमधली जुनी, काचेच्या कॅरबॉयमधली सव्वा वर्षाची आणि पॅलिसेडचे पीच घातलेली, अशा तिघी टेबलावर मांडल्या. तापमान बारा अंश सेल्सियसच्या आसपास. फ्रीजमधून काढल्या काढल्या ही बिअर प्यायली तर नुसती आंबट लागते, बाकी सगळं थंडीत दडून बसतं.

आधी वास. जुनीत दमट तळघर, लिंबाची साल, थोडं चामडं. मग छोटा घोट, जिभेवर फिरवून. लॅक्टिकचा आंबटपणा गोलसर असतो, ताकाच्या जवळचा. अॅसिटिकचा नाकात चढतो आणि घशाला बोचतो. पहिला हवा, दुसरा चिमूटभर. आमच्या तक्त्यावर ‘कोकम’ आणि ‘कैरी’ असे रकाने आहेत. परदेशी तक्त्यांत ते सापडणार नाहीत. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात साठ भाग जुनी, तीस कोवळी, दहा पीच असं करून पाहिलं. मग सत्तर-वीस-दहा. मग पीच अजिबात नको, असा एक पक्ष उभा राहिला. रात्री दहाच्या सुमारास साठ-तीस-दहावर एकमत झालं. सगळे खूश, वहिनी बाटल्या आणायला उठल्या.

तेवढ्यात आपल्या माजी अध्यक्षांची लेक, नुकतीच नोकरीला लागलेली, ढोकळ्याचा डबा परत न्यायला आत आली. आग्रह झाला म्हणून तिने एक घोट घेतला. गिळला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, शेवटी चीरिओज लागतंय. आणि हॅमस्टरचा पिंजरा.”

गॅरेज गप्प. जाणकारांना हे लगेच कळेल: याला ब्रुअर उंदराची चव म्हणतात. ग्लासाला नाक लावून ती कळत नाही. घोट गिळल्यावर, तोंडातला आंबटपणा लाळेने उतरला की काही सेकंदांनी वर येते. आणि बऱ्याच लोकांना ती जाणवतच नाही. आम्ही सगळ्यांनी पुन्हा घोट घेतला, दहापर्यंत मोजलं. निम्म्यांना काही नाही. उरलेल्यांचे चेहरे उतरले, कारण एकदा सापडली की ती चव सुटत नाही. पोर बरोबर होती. अण्णांनी बाटल्या परत खोक्यात ठेवल्या आणि म्हणाले, “पाडव्याला बघू.” ब्रेटॅनोमायसिस जिवंत असेल तर हा दोष काही महिन्यांनी बहुतेक वेळा विरतो. गुढी पाडव्याला खिळा पुन्हा काढला, तेव्हा तो विरला होता. मग भरलेल्या त्या बाटल्या मागच्या स्नेहसंमेलनानंतर ज्यांनी चाखल्या, त्यांना मी काय म्हणतो ते ठाऊक आहे.

ती मुलगी पुढे दोन-तीन बैठकांना आली. मग नवी नोकरी सिअॅटलला लागली.

इथे माझा घोळ सुरू होतो. आपली मुलं पीत नाहीत, याचं मला दुःख नाही. उलट बरंच आहे. पण जी पितात ती कॅनमधली हार्ड सेल्ट्झर पितात, आणि ‘सावर’ म्हणून जे आवडतं ते तिसऱ्या आठवड्यात कॅनमध्ये येतं. केटलमध्ये कोमट रसात लॅक्टोबॅसिलस टाकायचे, एक-दोन दिवसांत आंबट झालं की उकळून जंतू मारायचे, वर आंब्याचा पल्प. मलाही उन्हाळ्यात एखादा कॅन चालतो. पण त्यात वाट पाहणं नाही, बिघडायची भीती नाही, आणि म्हणून चाखण्यासारखंही फार काही नाही. गेल्या वर्षी तरुण सभासद यावेत म्हणून गटानेच दोन बैठका असल्या कॅनांवर घेतल्या. गर्दी झाली, फोटो झाले. तिसऱ्या बैठकीला, बॅरलच्या, त्यातलं एकच जोडपं आलं. ही तडजोड मला तेव्हाही पटली नव्हती. कार्यकारिणीचा निर्णय होता, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

दुसरा प्रस्ताव बॅरल काढून स्टीलची टाकी आणि ओकचे तुकडे वापरायचा. खर्च कमी, देखभाल जवळजवळ शून्य. ओकची चव येईलही. पण स्टीलमधून हवा झिरपत नाही, आणि लाकडातून अगदी मंद गतीने येणाऱ्या त्या हवेवरच इथला सगळा खेळ आहे. शिवाय टाकीला दर महिन्याला कोणी भेटायला जात नाही. माझं मत विरोधात आहे, नोंदवून ठेवावं.

अण्णांना या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची आहे. तीन महिने तरी त्यांना गॅरेजच्या पायऱ्या उतरता येणार नाहीत. बॅरल भरायला, खिळ्यातून नमुना काढून वहीत नोंद करायला दर महिन्याचा एक तास देणारी दोन माणसं हवी आहेत, शक्यतो तिशीच्या आतली. बिअर बनवता आलीच पाहिजे असं नाही, नाक शाबूत असावं. शिकवायला अण्णा खुर्चीवर बसून तयार आहेत. इच्छुकांनी सर्वसाधारण सभेआधी वहिनींकडे नाव द्यावं.