नभोवाणीचे शिक्षण : यंत्र आणि वाणी

नभोवाणी हा विद्यापीठीय अध्ययनाचा विषय, की केवळ कार्यशाळेत हस्तगत करावयाचे कसब, हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नव्हे. विद्यार्थ्यांची उपजीविका त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. १९२७ च्या जुलैत मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा असे शिक्षण येथे अस्तित्वातच नव्हते. पुढील कित्येक वर्षे साहित्य, रंगभूमी व संगीत या क्षेत्रांतील व्यक्तींनीच मराठी नभोवाणी घडविली, पु. ल. देशपांडे हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९६५ साली दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली आणि कालांतराने विद्यापीठांच्या पदव्यांतही प्रसारणाला स्थान मिळाले.

स्थान मिळाले, परंतु भर पडला तो यंत्रांवर. ध्वनिमुद्रण व संपादन यांचे शिक्षण आवश्यक आहे, हे निर्विवाद. तथापि यंत्रे पालटतात. चुंबकीय फीत पात्याने कापून जोडण्याचे कौशल्य संगणक येताच निरुपयोगी ठरले. काय ठेवावे आणि काय गाळावे, हा विवेक मात्र टिकला.

हा विवेक मूलतः भाषिक आहे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा अखेरीस येते. ‘अतिवृष्टीने पिके वाहून गेलेल्या शेतकऱ्यांना द्यावयाच्या मदतीच्या रकमेत वाढ करण्याचा निर्णय झाला’ हे वाक्य छापील पानावर खपते, कारण वाचक मागे वळू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही; निर्णयाचा बोध होईपर्यंत तो शेतकऱ्याला विसरलेला असतो. ‘शेतकऱ्यांना आता अधिक मदत मिळेल’ असा आरंभ करणे ही सुलभीकरणाची नव्हे, रचनेची जाण होय.

व्यवसायाची स्थितीही याच निष्कर्षाकडे नेते. २०११ च्या धोरणाने खासगी एफ. एम. केंद्रांना केवळ आकाशवाणीची वार्तापत्रे, तीही जशीच्या तशी, ऐकविण्याची मुभा दिली. स्वतःचा वृत्तविभाग उभारण्याची नाही. त्यामुळे वृत्तप्रशिक्षित पदवीधराला तेथील द्वार बंदच राहिले. आकाशवाणीतील नैमित्तिक निवेदकाचे काम महिन्यातील मोजक्या पाळ्यांपुरते असते. उलट भाषांतरित चित्रपटांचे संवाद, श्राव्य पुस्तके, माहितीपटांची निवेदने यांना कानासाठी लिहिणारा लेखक लागतो.

म्हणून श्रुतिकालेखन, उच्चारशास्त्र व बोलींचे श्रवण यांची जबाबदारी मराठी विभागांनी स्वीकारली पाहिजे. एका यंत्राची किंवा एका पदाची तयारी म्हणजे शिक्षण नव्हे. ते पद नाहीसे झाल्यावरही विद्यार्थ्याजवळ जे उरते, त्यावरूनच अभ्यासक्रमाचे मूल्य ठरावे.